"बोल ना, ऐकतोय मी"

मान खाली, अंगठा पडद्यावर आणि तोंडाने "बोल ना, ऐकतोय मी" असे म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे आता एकदा स्पष्ट सांगायलाच हवे. नोकरी, लोकलचा प्रवास, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांतून नवरा-बायकोच्या वाट्याला रात्री जेमतेम अर्धा तास उरतो आणि तोही मोबाईलने गिळावा, याचा मला मनस्वी संताप येतो. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टर काय म्हणाले हे मी सांगत असते, मधेच पलीकडून हसू ऐकू येते आणि ते कुठल्यातरी रीलवरचे असते! मग विचारायचे, "काय म्हणालीस?" तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तिच्यातली काळजी निघून जाते आणि नुसता वृत्तान्त उरतो, तिसऱ्यांदा सांगावेसेच वाटत नाही. अशा न सांगितलेल्या गोष्टी साचत जातात आणि पुढे "तू हल्ली काही बोलतच नाहीस" ही तक्रारही मलाच ऐकावी लागते.

घरात भांडण नाही, व्यसन नाही, मग बिघडले कुठे, असे लोक विचारतात. व्यसन नाही हे कोणी ठरवले? बोटाने सरकवत राहावे आणि समोरचे कधी संपूच नये, ही रचना अमेरिकन डिझायनर आझा रास्किन यांनी 2006 मध्ये तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पूर्वी वर्तमानपत्र वाचून संपायचे, मालिकेचा भाग संपायचा आणि त्या थांब्यावर माणूस शेजारच्याशी दोन शब्द बोलायचा. तो थांबाच आता काढून टाकला आहे. तरीही सगळा दोष कंपन्यांवर ढकलून घरातल्या माणसाला मोकळे सोडणे मला मान्य नाही, कारण साहेबांचा फोन आला की हाच माणूस टीव्हीचा आवाज बंद करून, उठून उभा राहून शब्दन् शब्द ऐकतो. लक्ष देता येते. ते घरी द्यावेसे वाटत नाही, एवढेच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवले, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागचा हेतू. एका अख्ख्या गावाने जे ठरवून केले, ते दोन खोल्यांच्या घरातल्या दोन शिकल्यासवरल्या माणसांना अर्ध्या तासापुरतेही जमू नये?

फोन उशाशी नको, असे म्हटले की अलार्मचे कारण पुढे येते. अलार्मचे घड्याळ कोणत्याही दुकानात मिळते. ते मी आणणार आहे, दोघांचेही चार्जर बाहेरच्या खोलीत लावणार आहे, आणि त्यावरून भांडण झाले तरी मला चालेल.