हिंगाची डबी आणि दोन कौन्सिले

आमच्या मराठी मंडळातील एका ताईंनी काही वर्षांपूर्वी दिवाळीचा फराळ घरून विकायला सुरुवात केली. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे असा नेहमीचाच बेत होता. आम्ही राहतो ते इंग्लंडमधील सरे काउंटीत. घरून एक किलो चकली विकायची असली, तरी व्यवसाय सुरू होण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, नोंदणी करावी लागते. ह्या नोंदणीला शुल्क नाही आणि ती नाकारण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. अर्ज ऑनलाइन भरून झाला आणि काही आठवड्यांनी बरो कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ ऑफिसर बाई ताईंच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

त्या वेळी मी तिथेच होते. बाईंनी फ्रिजचे तापमान पाहिले, हात धुण्याची सोय कुठे आहे ते विचारले, तळणीचे तेल किती वेळा बदलता ह्याची चौकशी केली, आणि मग ओट्यावरची हिंगाची डबी उचलून चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरे वाचली. त्यात गव्हाचे पीठ होते. आपल्या बाजारी हिंगात ते बहुधा असतेच, पण आपण कधी वाचत नाही. ताईंची भाजणी तांदूळ आणि डाळींची, म्हणून त्यांनी जाहिरातीत अगदी विश्वासाने ‘ग्लूटेन-फ्री चकली’, म्हणजे गव्हातले ग्लूटेन हे प्रथिन नसलेली चकली, असे लिहिले होते. इथे हे दोन शब्द लिहायचे, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन पदार्थात असता कामा नये. बाईंनी ते शब्द काढायला सांगितले आणि पुढे जे म्हणाल्या त्याने मला खरे नवल वाटले. लेबलावर काय छापायचे हा विषय त्यांच्या कौन्सिलचा नव्हता, त्याबद्दल काउंटी कौन्सिलचे ट्रेडिंग स्टँडर्ड्स खाते ताईंशी बोलणार होते. तसे ते बोललेही. चकलीच्या एका डब्यासाठी दोन कौन्सिले.

हा प्रसंग मी ठाण्यातील माझ्या मावसभावाला फोनवर सांगितला, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. महाराष्ट्रात तेव्हा बनावट पनीरचा विषय तापलेला होता. २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका आमदारांनी असे पनीर थेट विधानभवनात आणून दाखवले होते, आणि घराघरांत पनीरवर आयोडीनचे थेंब टाकण्याचे प्रयोग चालू होते. भावाचे म्हणणे असे की आपल्याकडे एफडीए, म्हणजे राज्याचे अन्न व औषध प्रशासन, वेगळे, महापालिका वेगळी, पोलीस वेगळे, म्हणून कोणीच काही करत नाही. तुमच्याकडे कसे सगळे एका खात्याकडे असते, तसे इथे केले पाहिजे. परदेशात राहणाऱ्याला ‘तुमच्याकडे’ ह्या शब्दाची सवय होते, पण ह्या वेळी तो साफ चुकला होता. ब्रिटनमध्ये अन्नाचा कारभार कोणत्याही एका खात्याकडे नाही. तो आपल्याहून अधिक ठिकाणी वाटलेला आहे, आणि तरीही तो बऱ्यापैकी चालतो. तो का चालतो आणि कुठे अडतो, हे समजून घेतले तर आपल्या वादातला एक गोंधळ तरी दूर होईल असे मला वाटते.

इंग्लंडच्या ज्या भागांत स्थानिक शासनाचे दोन थर आहेत, तिथे अन्नाची स्वच्छता आणि सुरक्षितता खालच्या थराकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिलकडे असते. अन्नाचा दर्जा, घटक, वजन आणि लेबल हे वरच्या थराकडे, म्हणजे काउंटी कौन्सिलकडे असते. सोप्या भाषेत सांगायचे तर स्वयंपाकघरात झुरळ आहे का हे पाहणारे वेगळे आणि मटणाच्या नावाखाली दुसरेच काही विकले जाते का हे पाहणारे वेगळे. लंडनच्या बरोंमध्ये आणि एकस्तरीय कौन्सिलांमध्ये दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात. ह्या सर्वांवर देखरेख ठेवणारी फूड स्टँडर्ड्स एजन्सी २००० साली सुरू झाली. वेड्या गाईच्या रोगाने लोकांचा शेतीखात्यावरचा विश्वास उडाला होता, त्याची ती परिणती. ही एजन्सी कत्तलखान्यांची तपासणी स्वतः करते, पण कोपऱ्यावरच्या टेकअवेत तिचा माणूस येत नाही. तिथे येतो तो कौन्सिलचा. स्कॉटलंडने तर २०१५ पासून स्वतःची निराळी संस्था काढली आहे.

बंदरांची गोष्ट आणखी मजेची आहे. फेलिक्स्टो हे ब्रिटनचे सर्वांत मोठे कंटेनर बंदर, आणि तिथे उतरणाऱ्या अन्नाची तपासणी करणारे बंदर-आरोग्य खाते ईस्ट सफक ह्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे आहे. भारतातून येणारे शेंगदाणे अफ्लाटॉक्सिन ह्या बुरशीच्या विषासाठी तपासले जातात. २०२४ मध्ये भारतीय मसाल्यांतील एथिलीन ऑक्साइड ह्या जंतुनाशक रसायनाचे प्रकरण हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये निघाल्यावर ब्रिटननेही आपल्या मसाल्यांवरची तपासणी वाढवली. म्हणजे आपल्याकडे तालुका पातळीवर मोजली जाईल अशा संस्थेचे कर्मचारी साऱ्या देशाच्या वतीने आपल्या मसाल्यांची आणि दाण्यांची पोती उघडून पाहतात.

हा सगळा पसारा कोसळत नाही ह्याची कारणे फारशी रोमांचक नाहीत. सर्व कौन्सिलांना बांधणारी एक लेखी कार्यसंहिता आहे. एखाद्या जागेला किती धोका आहे त्यावरून पुढची तपासणी ठरते. सर्वाधिक धोक्याच्या जागी दर सहा महिन्यांनी, त्याहून कमी असेल तर वर्षाने, दीड वर्षाने, दोन वर्षांनी. अनेक गावांत दुकाने असलेल्या साखळी कंपनीला एका कौन्सिलशी करार करून तिचा सल्ला देशभर ग्राह्य धरून घेता येतो, त्यामुळे पन्नास ठिकाणी पन्नास मते ऐकावी लागत नाहीत. आणि तपासणीचा निकाल शून्य ते पाच अशा गुणांत जाहीर होतो. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून हा आकडा दारावर लावणे सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये ते ऐच्छिकच राहिले आहे, आणि दुकानदाराने स्टिकर का लावला नसेल ह्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पण वेबसाइटवर तो आकडा आणि तपासणीची तारीख कोणालाही पाहता येते.

मात्र ह्या वाटणीतली शिवण कुठे उसवते तेही सांगितले पाहिजे, आणि त्याचे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच जेवणाशी निगडित आहे. जानेवारी २०१४ मध्ये उत्तर यॉर्कशायरमध्ये शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या एका माणसाचा ईझिंगवोल्ड ह्या गावातील भारतीय रेस्टॉरंटमधून आणलेला चिकन टिक्का मसाला खाऊन मृत्यू झाला. त्याने आपली ॲलर्जी सांगितली होती आणि डब्यावर नट्स नसल्याचे लिहिलेही होते. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेले स्वस्त मिश्रण वापरायला सुरुवात केली होती. ह्याच मालकाच्या दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये तीन आठवडे आधी एका तरुण मुलीला असाच त्रास झाला होता, आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन त्याला सावध केले होते. मे २०१६ मध्ये त्याला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. दारावरचा पाचाचा आकडा स्वच्छतेविषयी बोलतो, पदार्थात खरोखर काय घातले आहे ह्याविषयी नाही, हे सामान्य गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असते? दोन खात्यांतली रेघ अधिकाऱ्यांना दिसते, जेवणाऱ्याला दिसत नाही. शिवाय गेल्या दशकात कौन्सिलांचे पैसे आटत गेले आणि दर्जा तपासणाऱ्यांची पदे स्वच्छता पाहणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने कमी झाली. ज्या कामाचा आकडा दारावर लागत नाही, त्या कामाची माणसे आधी जातात.

आता आपल्याकडे पाहू. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळात महापालिकांचे स्वतःचे अन्न निरीक्षक असत. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, ह्यांच्याकडे सारी सूत्रे गेली. स्थानिक संस्थांकडे राहिला तो आरोग्य परवाना. मुंबईत तो १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३९४ व्या कलमाखाली दिला जातो. नव्या कायद्यात असुरक्षित, कमी दर्जाचे आणि मिथ्याछाप (म्हणजे खोट्या लेबलाचे) असे तीन निराळे गुन्हे आहेत आणि त्यांच्या शिक्षाही निराळ्या आहेत. आपल्या बोलण्यात मात्र ह्या साऱ्याला एकच शब्द उरला आहे: भेसळ.

मला वाटते गोंधळाचे मूळ ह्या एका शब्दात आहे. पनीरचे प्रकरण हे दर्जाचे आणि नावाचे प्रकरण होते. वनस्पती तेलापासून केलेला पर्याय विकण्याला बंदी नाही, तो पनीर म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ती पकडायची तर प्रयोगशाळा हवी, घाऊक बाजाराची माहिती हवी, दुसऱ्या जिल्ह्यातून येणारा टेम्पो गाठण्याचे अधिकार हवेत. ते काम राज्यपातळीवरच होईल. उलट मे २०२४ मध्ये मानखुर्दला रस्त्यावरच्या गाडीवरील शोरमा खाऊन एकोणीस वर्षांच्या मुलाचा जीव गेला, तो प्रश्न शिळ्या मांसाचा आणि स्वच्छतेचा होता. त्यासाठी ती गाडी कुठल्या कोपऱ्यावर उभी असते, तिला पाणी कुठून मिळते, रात्री उरलेला माल कुठे ठेवला जातो हे ठाऊक असणारा माणूस लागतो. असा माणूस वॉर्ड ऑफिसात असू शकतो, बांद्र्याच्या मुख्यालयात नाही. आज वॉर्डाची माणसे त्या गाडीपर्यंत पोचतातच, पण गाडी उचलली जाते ती अतिक्रमण म्हणून. तिच्यावरच्या अन्नाची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून माझे मत भावाच्या नेमके उलट आहे. सगळे एका खात्याकडे देऊ नये. दर्जा आणि लेबल एफडीएकडे ठेवावे आणि छोट्या खानावळी, गाड्या, घरगुती व्यवसाय ह्यांच्या स्वच्छतेचे काम महापालिका आणि नगरपालिकांकडे परत द्यावे. ह्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २०११ च्या परवाना नियमांतच ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांची नोंदणी पंचायतीच्या किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची मुभा अन्न सुरक्षा आयुक्तांना आहे.

ह्यावर पहिला आक्षेप हप्त्याचा येणार, आणि तो पोकळ नाही. जुन्या अन्न निरीक्षकांविषयी ज्यांच्या वडिलांचे हॉटेल होते त्यांना विचारावे. पण हप्ता फोफावतो तो निकाल फाइलीत राहतो म्हणून. तपासणीची तारीख, मिळालेले गुण आणि अधिकाऱ्याचे पद दुसऱ्या दिवशी सर्वांना दिसणार असेल, तर पाच गुण विकत घेतलेल्या हॉटेलात झुरळ दिसल्याचा फोटो कोणीही त्याच्या शेजारी ठेवू शकतो. दुसरा आक्षेप नगरसेवकाच्या फोनचा. इथेही कौन्सिलर निवडून येतात, पण अमुक रेस्टॉरंट बंद करायचे की नाही हे ते ठरवत नाहीत. तातडीचा धोका दिसला तर अधिकारी तिथल्या तिथे ते बंद करतो, आणि तीन दिवसांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करावा लागतो. कौन्सिलर विचारू शकतात ते एवढेच की ह्या वर्षी ठरलेल्यांपैकी किती तपासण्या राहिल्या. आपल्याकडे हा प्रश्न विचारायलाच कोणी नसते अशीही वर्षे गेली. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासक होता.

इंग्लंड आता हे दोन थर मोडायला निघाले आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने तसे जाहीर केले, आणि आमच्या सरेत काउंटी व सगळी बरो कौन्सिले जाऊन दोन एकस्तरीय कौन्सिले यायची आहेत. अन्नाचा विचार करून हे ठरलेले नाही, पैशांचा करून ठरले आहे. उत्तर यॉर्कशायरमध्ये हा बदल २०२३ मध्येच झाला. दोन खात्यांच्या टेबलांमधले अंतर त्याने कमी होईल. पण खेळत्या हवेच्या नव्या इमारतीत दर्जाच्या टेबलावर माणूस बसलेला असेल का, ह्याविषयी मला शंका आहे.

ताईंच्या डब्यावर आता ठळक अक्षरांत गहू, तीळ, दूध, शेंगदाणे, काजू आणि मोहरी छापलेले असते. इथल्या चौदा ॲलर्जींच्या यादीत मोहरी आहे, त्यामुळे चिवड्याची साधी फोडणीदेखील कबूल करावी लागते. त्या लेबलाचा आणि त्यांच्या पाच गुणांच्या पानाचा फोटो मी ठाण्याला पाठवला. उत्तरादाखल भावाने त्याच्या कोपऱ्यावरच्या डेअरीच्या भिंतीचा फोटो पाठवला. भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली परवान्याचा चौदा आकडी क्रमांक होता, आणि खाली त्याने लिहिले होते: “नंबर आहे. पण इथे शेवटचं कोण आणि कधी येऊन गेलं, ते कुठे वाचायचं?”