जुलैत म्हणे किल्लादर्शन!

पावसाळी कोकणाच्या नावाखाली जोडप्यांना सहलींची पॅकेजे विकणाऱ्यांनी जुलैतला समुद्र कधी पाहिला तरी आहे काय? मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या साधारण मेअखेरीस किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत हलत नाहीत. तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंगही बंदच असते. तरीही कार्यक्रमपत्रिकेत हे सारे दिमाखात छापलेले असते आणि जाब विचारला की "किल्लादर्शन म्हणजे लांबून दर्शन" असे निर्लज्ज उत्तर मिळते. लांबूनच पाहायचे, तर पैसे कशाचे घेता? वर जेवणात म्हणे 'आजची ताजी सुरमई'! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, मग ही सुरमई काय स्वतः पोहत ताटात आली? (सोलकढी मात्र उत्तम होती, हे कबूल करावेच लागेल.) 'समुद्र दिसणाऱ्या' खोलीतून पत्र्याच्या पागोळ्या आणि आमचेच न वाळणारे कपडे तेवढे दिसतात, वीज दिवेलागणीलाच जाते आणि पंख्याविना घामाने निथळणाऱ्या नवरा-बायकोला व्यवस्थापक हसतमुखाने सांगतो, "एन्जॉय करा, वातावरण किती रोमँटिक आहे!" रोमँटिक? एकमेकांशी दोन शब्द बोलायला तोंड उघडावे, तर आधी डास आत शिरतात!