रिक्षाला वेटिंग आहे, आम्हाला नाही

शुक्रवारी रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी आमच्या विमान कंपनीचा आम्हा वैमानिकांना मेल आला. 19 पानांची पीडीएफ. नवी पगाररचना, ड्युटीचे नवे नियम, रोस्टरची, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाची, नवी पद्धत आणि शेवटी एक निळं बटण: 'वाचले व मान्य'. मुदत सोमवार संध्याकाळी 6 पर्यंत. शनिवारी माझे चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, रविवारी पहाटेची फ्लाइट आणि मुक्काम, सोमवारी दुपारी 3 ला परत. ही 19 पानं मी वाचायची कधी? 34 हजार फुटांवर, एका हातात चेकलिस्ट धरून?

आणि याला म्हणायचं वाटाघाटी. वाट त्यांची, घाट आमचा.

त्याआधी बुधवारी 'संवाद' झाला होता म्हणे. ऑनलाइन सभा. आम्ही चारशेच्या वर लोक, सगळ्यांचे माइक बंद. प्रश्न लिहून पाठवायचे, ते आधी कुणीतरी चाळणार, मग वर बसलेले साहेब निवडक प्रश्नांना उत्तरं देणार. साप्ताहिक सुटीबद्दल मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा चाळणीत राहिलं. उत्तर कशाला मिळालं, तर युनिफॉर्मच्या बुटांचा भत्ता कधी वाढणार याला. वाढणार आहे. अभिनंदन सगळ्यांचं.

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, राहते ठाण्याला. घरी नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बाईंना आता विमानाच्या वेळा माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, कारण मी कधी झोपलेली असते आणि कधी नाही हे त्यांनाच सांभाळावं लागतं. दारावर पोस्टमन आला तरी त्या तोंडावर बोट ठेवतात. नातेवाइकांत मात्र माझी ओळख एकच: "हिला काय, पायलट! लाखांत पगार!" हो, लाखांत आहे. लायसन्स आणि टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी) मिळून खर्च कोटीच्या घरात गेला, बाबांनी पीएफ मोकळा केला, उरलेल्याचा हप्ता अजून चालू आहे, आणि लायसन्स हातात घेऊन अडीच वर्षं मी घरी बसले होते. पण ते जाऊ दे. पगार चांगला आहे हे मी नाकारत नाही. माझं डोकं फिरतं ते तो मोजतात कसा, यावर.

मुंबई–नागपूर–मुंबई–गोवा–मुंबई असा दिवस धरा. उड्डाणाच्या तासभर आधी रिपोर्टिंग. ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं, हवामान बघायचं, इंधन ठरवायचं, विमानाभोवती फेरी मारायची. मग चार उड्डाणं. मधले तीन टर्नअराउंड, म्हणजे लोक उतरवा, लोक चढवा, खुर्चीवरून न उठता डबा खा. शेवटी कागदपत्रं. सगळं मिळून नऊ-साडेनऊ तास. आणि पगाराच्या हिशेबात त्यातले किती? ब्लॉक अवर्स. चाकाखालचे ठोकळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत. पावणेसहा तास, फार तर सहा. उरलेले साडेतीन तास मी विमानतळावर बहुधा हौसेनं फिरत असते.

मुंबईत एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं, सांगितलं, पाऊण तास उड्डाणाचा स्लॉट नाही, उभे आहात तिथेच थांबा. दार बंद, 180 माणसं आत, मागे कुणाचं तरी बाळ किंचाळतंय, एक काका केबिन क्रूला विचारतायत की पायलट झोपलाय का. त्या पाऊण तासाचा मला छदाम नाही, कारण ठोकळे निघालेले नाहीत. अहो, घोडबंदर रोडला रिक्षा अडकली तर तिच्या मीटरला वेटिंग पडतं! 180 जीव मागे बसवून थांबलेल्या माणसाला वेटिंग नाही.

वर हमी किती तासांची, हा वेगळाच खेळ. पूर्वी आमच्याकडे महिन्याला 70 तासांचा पगार पक्का असायचा, उडवा न उडवा. आता पीडीएफच्या सातव्या पानावर तो आकडा 40 झालाय, आणि वरच्या तासांना 'आकर्षक दर'. म्हणजे मी आजारी पडले, मुलाला ताप आला, विमान इंजिनाअभावी उभं राहिलं, तर खड्डा माझ्या खिशाला. हे काही आमच्याच कंपनीचं डोकं नाही. 2024 मध्ये एअर इंडियात विलीन होण्याआधी विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांचं गाऱ्हाणं हेच होतं, 70 चे 40. त्या एप्रिलमध्ये माणसं इतकी कमी पडली की कंपनीला रोजची जवळपास दहा टक्के उड्डाणं कमी करावी लागली. तेव्हाही टीव्हीवर चर्चा कशाची? 'वैमानिकांच्या आडमुठेपणामुळे प्रवाशांचे हाल.'

यावरून माझी मावशी आठवली. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या उड्डाणांचा जो बोजवारा उडाला, त्यात ती पुणे विमानतळावर अकरा तास बसून होती. मला फोन करून म्हणाली, "तुमच्या लोकांना आराम हवा म्हणून आम्ही इथे फरशीवर बसलोय." मी इंडिगोत नाही, हे तिला पाच वर्षांपासून माहीत आहे. पण राग काढायला घरचाच पायलट बरा.

मावशी, आता ऐक, कारण त्या दिवशी तू फोन ठेवून दिलास. वैमानिकांच्या विश्रांतीचे ते नियम डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकानं, जानेवारी 2024 मध्ये काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्र म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत. रात्रीच्या ड्युटीत जास्तीत जास्त सहा लँडिंग करता यायची, ती दोनवर आणली. लागू व्हायचे होते 1 जून 2024 ला. विमान कंपन्या रडल्या, पुढे ढकलले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या, तेव्हा कुठे तारखा ठरल्या: काही कलमं 1 जुलै 2025 पासून, उरलेली 1 नोव्हेंबर 2025 पासून. जवळपास दोन वर्षं! दोन वर्षांत माणसं घेता येतात, शिकवता येतात. पण इंडिगोचं हिवाळी वेळापत्रक भरगच्च आणि माणसं तेवढीच. मग 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द, आणि अंदाज चुकला हे कंपनीनंच कबूल केलं.

बरं, मग दंडुका कुणावर पडला? त्याच दिवशी डीजीसीएनं एक सूचना मागे घेतली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, असं त्या सूचनेत होतं. म्हणजे मी भावाच्या लग्नाला रजा टाकली, तर हीच तुमची आठवड्याची विश्रांती, असं म्हणायची वाट परत मोकळी. शिवाय इंडिगोला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट. गोंधळ घालणाऱ्याला सवलत. आमच्या शाळेत वर्गात दंगा करणाऱ्याला बाहेर उभं करायचे, इथे त्याला मधली सुटी वाढवून दिली.

लोकांना वाटतं, झोप झोप काय करतात हे, ऑटोपायलट असतो की. 22 मे 2010. दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 158 माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. उड्डाणाचा बराच काळ तो झोपला होता, आणि जागा झाला तरी झोपेची गुंगी उतरलेली नव्हती, असं चौकशी अहवालात लिहिलंय. शेजारचा को-पायलट 'गो अराउंड', म्हणजे उतरू नको, पुन्हा वर घे, म्हणून सांगत होता. मी त्या को-पायलटच्याच, उजव्या खुर्चीत बसते. तो अहवाल मी प्रशिक्षणात वाचला, आणि अजूनही पहाटे साडेचारला विमान उतरवताना कॅप्टनच्या आवाजात किंचित जरी जडपणा आला, तरी माझी पाठ ताठ होते.

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान नेणारे एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळच कोसळले आणि गेले. त्यांना आधी 27 तास विश्रांती मिळाली होती, असं कंपनीनं सांगितलं. थकव्यानंच झालं असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या आठवड्यात आमच्या क्रू रूममध्ये कुणी नीट जेवलं नाही.

आता 'नको तर सोडा नोकरी' म्हणणाऱ्यांसाठी. सोडते की! फक्त सहा महिने आधी कळवायचं, कॅप्टन असाल तर बारा महिने. 2017 पासून डीजीसीएचा नियमच तसा आहे, सार्वजनिक हितासाठी. बँकेत नवऱ्याला तीन महिने आहेत तर तो कुरकुरतो. म्हणजे बघा, मी जायचं ठरवलं तर निम्मं वर्ष आधी सांगायचं, आणि कंपनीनं माझा पगार बदलायचा ठरवला तर शुक्रवार रात्र ते सोमवार संध्याकाळ. रोस्टर बदलायला तर तेवढंही नाही. परवा रात्री 9:40 ला फोन थरथरला: उद्याची दुपारची ड्युटी रद्द, त्याऐवजी पहाटे 5 ला रिपोर्टिंग. पिकअप 3 ला, कारण गाडी आधी मुलुंड आणि पवई करत जाणार. मी तोवर दुपारच्या हिशेबानं मस्त कॉफी प्यायलेली. मुलाला सांगितलं होतं, सकाळी शाळेत मी सोडणार. क्रू कंट्रोलच्या, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या विभागाच्या, मुलाला फोन केला, तर तो बिचारा म्हणतो, "मॅडम, नियमात बसतंय." सगळं नियमातच बसतं हो. मीच बसत नाही.

फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी नोंद, टाका म्हणे. टाकला होता एकदा. दोन दिवसांनी 'गप्पा मारायला' ऑफिसात बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली, घरी काही टेन्शन आहे का विचारलं. मुलगा लहान आहे ना तुमचा, हेही विचारलं. कॅप्टनपदाच्या अपग्रेडची यादी कधी लागणार, हे मात्र मी न विचारताच सांगितलं. कळलं मला. त्यानंतर तो फॉर्म उघडला नाही, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

अमेरिकेत डेल्टाच्या वैमानिकांनी 2023 च्या मार्चमध्ये करार मंजूर केला, चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ. आपल्याकडे बातमी तेवढीच आली, आणि आमच्या ग्रुपवर आठवडाभर 34, 34, 34. त्याच्या मागचं कुणी वाचलं नाही. त्यांचा आधीचा करार 2019 च्या अखेरीस बदलाला आला होता, मध्ये कोविड गेला, तीन वर्षांहून जास्त काळ घासाघीस चालली. पण तिथला कायदा असा की नवा करार होईपर्यंत जुना चालूच राहतो. शुक्रवारी रात्री कुणी पीडीएफ पाठवून तो पुसू शकत नाही. युनियन करार आणते, सभासद मतदान करतात, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतात. आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या करारांत 'रिग' नावाची चीज असते: ठोकळे निघोत न निघोत, ड्युटीचे तास भरले की त्या प्रमाणात किमान पगार पडतोच. म्हणजे वेटिंग! आमच्या रिक्षावाल्याला जे कळतं, ते तिथे करारात लिहिलेलं आहे. आमच्याकडे युनियन हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली, तर पुढाकार घेतलेल्या दोघांना काढून टाकलं आणि शेकडो जण एकदम 'आजारी' पडले. आमचे जुने कॅप्टन ती गोष्ट अजून सांगतात, पण सांगताना दार लावून घेतात.

आणि आता घरचा आहेर. कारण सगळा राग वरच्यांवर काढून मी मोकळी झाले, तर तेही खोटंच. आमच्या ग्रुपवर गेले तीन दिवस जे चाललंय ते पाहून मला हसावं की रडावं कळत नाही. कॅप्टन म्हणतात, फर्स्ट ऑफिसरची वाढ आमच्यापेक्षा जास्त टक्क्यांनी का. मोठ्या विमानांवरचे म्हणतात, आमचं वेगळं बोला. नवी पोरं म्हणतात, 40 तर 40, आम्हाला तास द्या, 80-85 उडवतो, हप्ते फेडायचेत. त्यांचा हप्ता मला कळतो, मी तिथूनच आले. पण अरे, ते 'आकर्षक दर' ठेवलेत ते त्यासाठीच ना! हमी कमी करायची, वरचा दर वाढवायचा, म्हणजे माणूस स्वतःहून हात जोडून म्हणतो, मला अजून उडवा. मग विश्रांती मागणारी मी आळशी ठरते, आणि कंपनीला कुणाला जबरदस्ती करावीच लागत नाही.

मी रविवारी रात्री हॉटेलच्या खोलीतून ग्रुपवर एवढंच लिहिलं: सोमवारी कुणीच बटण दाबू नका, निदान पंधरा दिवस मागून घेऊ, पीडीएफ वकिलाला दाखवू. 61 जणांनी अंगठा दाखवला. एका सीनियर कॅप्टननी लांबलचक मेसेज टाकला, एकी हवी, आज नाही तर कधीच नाही, मुठी वगैरे. मला खरंच बरं वाटलं, जरा झोपही लागली.

सोमवारी परतल्यावर फोन चालू केला, तेव्हा सव्वातीन झाले होते. कंट्रोलचा मेसेज: येत्या शनिवारी ऑफ असलेल्यांपैकी कोण येईल, दीडपट दर. खाली नावं पडायला लागली होती. पहिलं नाव मुठीवाल्या कॅप्टनचं.