वेचणीचं मॉड्यूल

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, झाली की आमच्या दारव्हा तालुक्यात दोनच विषय: कापसाचा भाव आणि वेचणीचा दर. यंदा घरात तिसरा शिरला. पायथन, कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा.

अमरावतीला शिकणारा पुतण्या दिवाळीला आला आणि माझी चुकाऱ्याची वही पाहून म्हणाला, "काका, हे काय करून रायले? मॉड्यूल बनवू ना याचं." मॉड्यूल म्हणजे मोठं काही नाही. नेहमी लागणारा हिशेब एका फाइलीत लिहून ठेवायचा, नावाच्या शेवटी डॉट पीवाय. मग दुसऱ्या प्रोग्राममध्ये वरती 'इम्पोर्ट' आणि त्या फाइलीचं नाव टाकलं की झालं. गणिताचं मॅथ, सरासरीचं स्टॅटिस्टिक्स, तारखांचं डेटटाइम, अशी ढीगभर मॉड्यूलं तर पायथनसोबत फुकटच येतात. वेचणीचं तेवढं नव्हतं. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ही भाषा लोकांपुढे आणली. त्यांना कधी वावरात काटा धरावा लागला नसणार.

आधी बारसं. मी 'कापूस-हिशेब' सुचवलं. पुतण्या म्हणे, मधली रेघ चालत नाही, इम्पोर्ट करताना पायथन तिला वजाबाकी समजतो. कापसातून हिशेब वजा केला तर काय उरतं ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. नाव देवनागरीत चालतं म्हणून शेवटी 'वेचणी' ठेवलं. किलो द्या, रुपये घ्या. दर फाइलीत वरच लिहिलेला: ८.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बाया ओसरीत बसल्या. मी ऐटीत इम्पोर्ट केलं. कुणाचे किलो टाकायच्या आतच पडद्यावर उमटलं: काकू, ४० किलो, ३२० रुपये.

"भाऊ, हे काकू कोन होय? आमच्यासंग तं वावरात दिसली नाई."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, मंग माह्ये पैसे कुठी हायेत?"

पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पुतण्याला फोन लावला. रेंज तिथेच येते. त्याने तपासणीसाठी फाइलीच्या तळाशी काकूच्या नावाची ओळ टाकली होती, आणि इम्पोर्ट म्हटलं की पायथन अख्खी फाइल वरून खालपर्यंत चालवतो. उपाय सोपा होता. त्या ओळीच्या वर 'इफ नेम इज इक्वल टू मेन' असं लिहायचं, नेमच्या आणि मेनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. म्हणजे फाइल थेट चालवली तरच ती ओळ चालते, इम्पोर्ट केल्यावर गप्प बसते. (मधली रेघ वर्ज्य आणि खालच्या रेघा आठ! असो.)

पण दुरुस्ती करायला बायकोने हात लावू दिला नाही. "पोरानं इतक्या मायेनं लिवलं."

पुढे कापूस फुटला, मजूर मिळेनात, दर १० झाला. मी फाइलीत ८ चे १० केले, सेव्ह केलं, तरी हिशेब ८ नेच. पायथन एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल डोक्यात धरून ठेवतो; त्याच खिडकीत पुन्हा इम्पोर्ट लिहिलं तरी फाइल उघडून पाहत नाही.

"मशीनीले बी मालकानंच शिकवलं वाटते," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या, पण उठेनात.

सगळं बंद करून नव्याने सुरू केलं. दर बरोबर लागला. सगळ्यात वर आलं: काकू, ४० किलो, ४०० रुपये.

बायको दारात उभीच होती.