प्लेगचा जंतू आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला

यवतमाळ-वाशीमकडच्या कास्तकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा दावा थोडक्यात असा: धान्याच्या कोठ्यांतील उंदरांमुळे प्लेग आला तरी धडधाकट माणसाने भिऊ नये, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, ताप अंगातच मुरू द्यावा, कारण तापाने जंतू मरतो, दोन दिवस सूज किंवा खोकला दिसला नाही तर शरीराने रोग जिरवला असे समजावे, आणि अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती मोडत असल्याने गुळवेलीचा काढाच घ्यावा. विदर्भात आज प्लेगची साथ नाही, परंतु यातला प्रत्येक सल्ला इतर तापांतही जिवावर बेतू शकतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे खरे आहे. पिसू चावल्यावर त्वचेत शिरलेले यर्सिनिया पेस्टिस हे प्लेगचे जंतू सुरुवातीला गिळले जातात आणि न्यूट्रोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांतील बरेचसे मारतातही. परंतु मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत गेलेले काही जंतू तग धरतात, वाढतात आणि बाहेर पडतात, तेव्हा ते पूर्ण सज्ज झालेले असतात. त्यांच्या पृष्ठभागावर सुईसारख्या पोकळ नळ्या उगवतात आणि त्यांतून ‘योप’ नावाची प्रथिने थेट आपल्या पेशीत टोचली जातात. योप-एच हे प्रथिन गिळण्याचा आदेश देणारी रासायनिक साखळी तोडते. योप-ई आणि योप-टी ही पेशीचा सांगाडा हलवणारी ‘ऱ्हो’ गटातील प्रथिने बंद पाडतात, त्यामुळे पेशीला जंतूभोवती स्वतःचा पडदा ओढताच येत नाही. उंदरांवरील २००५ सालच्या संशोधनात असे दिसले की हा मारा सरसकट सगळ्या पेशींवर नसून मुख्यतः मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेंड्रायटिक पेशींवर, म्हणजे नेमका पहारेकऱ्यांवरच होतो. ज्या पेशींच्या भरवशावर संदेश धीर देतो, त्याच पेशी जंतूचे लक्ष्य आहेत.

येथे आपले शरीर एक खरोखर हुशार डाव टाकते. ऱ्हो प्रथिने बंद पडली की ‘पायरिन’ नावाचे प्रथिन ते ओळखते आणि धोक्याची घंटा वाजवते, म्हणजे जंतूचा हल्लाच त्याची चाहूल ठरतो. परंतु जंतूजवळ त्यावरही तोड आहे: योप-एम हे प्रथिन आपल्याच पेशीतील काही विकरांना हाताशी धरून पायरिनला गप्प बसवते. अशा शत्रूपुढे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मोघम सल्ला तोकडा पडतो. विशिष्ट प्रतिकारशक्तीचा उपयोग मात्र नक्की होतो. नळीच्या टोकाशी असलेल्या एलसीआर-व्ही प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर प्रयोगांत प्राण्यांचा बचाव होतो. ती प्रतिपिंडे काढ्याने तयार होत नाहीत.

तापाविषयीचा दावा तर उलटाच आहे. पिसवेचे शरीर थंड असते, म्हणून तेथे ही टोचणी यंत्रणा बहुतांशी बंद असते. माणसाच्या शरीराची ३७ अंश सेल्सिअस ऊब हाच ती सुरू होण्याचा इशारा आहे.

दोन दिवसांच्या शांततेवर विसंबणे सर्वांत घातक आहे. याच उबेत जंतू आपल्या बाह्य आवरणातील मेदरेणूची घडण बदलतो, त्यामुळे शरीराच्या संवेदकांना तो नीट ओळखू येत नाही. शिवाय योप-जे सूज आणणाऱ्या संदेशांची वाट अडवते आणि मॅक्रोफेजला मरणाकडे ढकलते. उंदरांच्या फुप्फुसात सोडलेले जंतू सुमारे दीड दिवस झपाट्याने वाढत असतानाही सूज जवळपास दिसत नाही. गुलाबी बोंडअळी आत सरकी खात असताना बोंड बाहेरून शाबूत दिसावे, तशी ही शांतता असते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये उपचार न झाल्यास मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या २४ तासांत औषध सुरू होणे निर्णायक ठरते.

राहिला अँटिबायोटिकचा प्रश्न. ऊठसूट गोळ्या खाणे वाईट, हे मान्य आहे. परंतु स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही प्लेगवरील औषधे जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवरच आघात करतात; नवी प्रथिने घडणे थांबले की नवे योपही तयार होत नाहीत आणि पांढऱ्या पेशींना पुन्हा काम करायला वाव मिळतो.

आपल्याकडे ताप आणि सुजलेली गाठ यांमागे प्लेगपेक्षा स्क्रब टायफस असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. गवतातील माइट या गोचिडीसारख्या बारीक जीवाच्या चिमुकल्या पिल्लांच्या चाव्याने होणाऱ्या या रोगाची साथ नागपूर परिसराने २०१८ साली पाहिली आहे, आणि त्यावरही डॉक्सिसायक्लिनच दिले जाते. म्हणून वावरातून आल्यावर ताप भरला आणि काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, आणि चाव्याची काळी खपली दिसत असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी.