आत्याचा तन्मणी आणि लिंबाची वाटी

निपाणीच्या आत्याचा मागच्या आठवड्यात सकाळी सात वाजता फोन आला. "अगं, रात्री लिंबू पिळून त्यात ठेवलो होतो. मोती खोटेच निघाले बघ की." गोष्ट तिच्या तन्मणीची. सासूनं दिलेला, मोत्यांचे सर, मध्ये लाल खड्यांचं खोड, म्हणजे पदक. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत तो कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात आहे.

लिंबाचा सल्ला भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. "सोनाराकडे जाऊन फसू नका, आजीच्या हारातले खडे घरीच तपासा" हा मजकूर बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या चार ग्रुपांवरून माझ्यापर्यंतही आला आहे. त्याचं म्हणणं असं: मोती रात्रभर लिंबात ठेवा, चकाकी गेली तर खोटा. रंगीत खडा गॅसवर धरा, तडकला तर काच. आत रेषा-डाग दिसले तर नकली. माणिक दुधात टाकलं की दूध गुलाबी होतं. हार शंभर वर्षांचा असेल तर खडे खरेच, कारण तेव्हा नकली काही नव्हतंच. आणि शेवटी, जुन्या खड्यांना कुणी विचारत नाही, मोडा आणि हॉलमार्कचं नवं घ्या. जुने खडे खरेच आणि तरीही कवडीमोल, हे एकाच मजकुरात लागोपाठ लिहिणाऱ्याला काहीच वावगं वाटलेलं नाही.

आधी लिंबाचं बघू. मोती शिंपल्यात तयार होतो आणि त्याचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. आपली शहाबादी फरशीही मुख्यतः त्याचीच. तिच्यावर लिंबू सांडून राहिलं तर काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुठल्याही बाईला विचारा. तिथली चकाकी जाते, पांढुरका डाग पडतो आणि तो कितीही घासला तरी निघत नाही. आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि बुडबुडे येतात, हा शाळेतल्या विज्ञानाचा भाग आहे. त्यासाठी रत्नपारखी लागत नाही. म्हणजे ही परीक्षा चुकीची तर आहेच, वर ती चक्क उलटी आहे! काचेचा मणी रात्रभर लिंबात बसला तरी काच काचच राहते. जो मोती खरा, त्याचीच वाट लागते, आणि वाट लागली म्हणून त्यालाच खोटा म्हणायचं. आत्याचे मोती खडूसारखे झाले ते खरे होते म्हणून. ते समुद्रातून काढलेले की शेती करून पिकवलेले हा वेगळा प्रश्न, त्याला एक्स-रे लागतो. हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना. संध्याकाळची बस धरून निपाणीला गेले.

पोवळ्याचंही तेच. कुणी भिजत घातलं असेल तर हे वाचणं थांबवून आधी ते बाहेर काढा.

गॅसवर धरणं तर त्याहून भारी. जुन्या जडावाच्या कामात खड्यामागं लाख भरलेली असते आणि चकाकीसाठी खाली डांक, म्हणजे पातळ पत्रा, असतो. आच लागली की लाख वितळते, डांक काळा पडतो, खडा कोंदणातून निसटतो. पाचूत मुळातच बारीक चिरा असतात आणि त्यात तेल भरायची रीत जुनी आहे. तापवलं की चीर वाढते. उलट कारखान्यातलं माणिक दोन हजार अंशांच्या वर वितळवून घडवलेलं असतं, ते तुमच्या शेगडीला भीक घालणार नाही. याच कारणानं "आत डाग म्हणजे नकली" हेही बाद. अगदी स्वच्छ मोठा पाचू हातात आला तर मी आधी संशय घेईन.

दुधाबद्दल एवढंच: लाल काचसुद्धा दुधात टाकून उजेडात धरा, काय दिसतं बघा.

आता शंभर वर्षांचं. ऑगुस्त व्हर्नई या फ्रेंच माणसानं ज्वाळेत माणिक तयार करायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. म्हणजे आपल्या पणजीच्या लग्नाच्या आधीच कारखान्याचं माणिक आलेलं होतं. काच तर कितीतरी शतकं जुनी. आणि लाल दिसतं ते सगळं माणिक नव्हेच. कन्नडमध्ये माणकाला केंपु म्हणतात आणि केंपु म्हणजे लाल. आपणही मराठीत फार वेगळं करत नाही. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात 'ब्लॅक प्रिन्सची रुबी' म्हणून मिरवणारा खडासुद्धा माणिक नाही, तो स्पिनेल आहे, आपल्याकडची लालडी. तो मुकुट कुणी मोडीत घातल्याचं ऐकलं नाही.

हॉलमार्कच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, मान्य करते. जुन्या दागिन्याचं सोनं किती टंचाचं ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोडताना सराफ खड्यांचं वजन वजा करतो. त्या तराजूवर खड्यांची किंमत शून्यच. पण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कुंदन, पोल्की, जडाव या खडे जडवलेल्या दागिन्यांना तर हॉलमार्कच्या सक्तीतूनच वगळलं आहे. मग खड्यांची खात्री हवी म्हणून हार मोडायचा आणि ती नव्या हारातही मिळणार नसेल, तर मोडता कशाला?

दुसऱ्या दिवशी तन्मणी घेऊन आम्ही बेळगावच्या शहापुरात सराफाकडे गेलो. त्यानं दहापट भिंगातून खोड पाहिलं, मग मलाही पाहायला दिलं. लाल खड्यांत गोलाकार वळणाच्या रेषा होत्या, एकात बारीक हवेचा बुडबुडा. जमिनीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात. हे कारखान्याचे.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे मोती खरे आणि लाल खडे खोटे?"

"हो."

"मग मी उलटंच केलो की."

खोड वाटीच्या बाहेर लोंबत होतं, म्हणून त्याला काही झालेलं नाही. मोती मात्र आता मंदच राहणार. सराफ म्हणाला, नवे बसवून देतो, कळणारसुद्धा नाही. आत्यानं तन्मणी त्याच्या हातातून काढून घेतला. आता तो पटवेगाराकडे आहे, नव्या रेशमात ओवायला, आणि एकही मोती बदलायचा नाही असं त्याला दोनदा बजावून झालं आहे.