परदेशातून: पॅरामोर नाचायला लागले, म्हणून काय बिघडलं?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गणपतीत जो वाद पेटला त्याच्या मुळाशी पॅरामोर हा अमेरिकन रॉक बँड नव्हताच. पुण्यातल्या एका मित्राच्या सोसायटीत पोरांनी स्टेजवर अभंग वाजवला, गिटार, कीबोर्ड आणि खाली सरळसरळ डान्सचा बीट, समोर खुर्च्यांवर बसलेल्या आज्या पण टाळ्या वाजवतायत, असा व्हिडिओ त्याने टाकला आणि मग काय, निम्मे म्हणाले कडक, निम्मे म्हणाले काय थिल्लरपणा लावलाय, तुकोबांना डीजेवर बसवलं. त्यात आमच्यातला एक जण, जो कॉलेजात ड्रम वाजवायचा आणि अजून कुणाला ते विसरू देत नाही, त्याने लिहिलं की अरे हे सगळीकडेच चाललंय, पॅरामोरचं बघा ना, कसला जबरी बँड होता, आता नाचायची गाणी करतात आणि लोक म्हणतात मॅच्युअर झाले.

आता मी राहतो फ्रँकलिनला, टेनेसीत, नॅशव्हिलच्या दक्षिणेला, आणि पॅरामोर ह्याच गावातले. त्यामुळे मी जणू काही इथला पाटील असल्यासारखं मला टॅग करण्यात आलं. तिथे तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन काही होत नाही, म्हणून हे एकदाच सविस्तर.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेली विल्यम्स मूळची मिसिसिपीतल्या मेरिडियनची, तेराव्या वर्षाच्या आसपास आईबरोबर इथे आली, इथे होमस्कूलिंगवाल्या मुलांच्या क्लासमध्ये तिला जॉश आणि झॅक फॅरो हे भाऊ भेटले, आणि २००४ मध्ये बँड सुरू झाला. २००७ च्या 'रायट!' ह्या अल्बमने ते जगभर पोचले, त्यातलं 'मिझरी बिझनेस' आमच्या हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर फिरत होतं. पॉप-पंक म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, एवढंच कळायचं की गिटार फाडून वाजवतायत, ड्रमवाला पळत सुटलाय आणि नारंगी केसांची मुलगी बेंबीच्या देठापासून गातेय. सबमिशनच्या आदल्या रात्री ह्यापेक्षा जास्त काय लागतं?

मग पुढे त्यांचं जे झालं ते एखाद्या एकत्र कुटुंबाच्या वाटणीसारखं झालं. २०१० च्या डिसेंबरात फॅरो बंधू बाहेर पडले, जॉशने जाता जाता जाहीर लिहिलं की हा बँड म्हणजे मोठ्या कंपनीने बनवलेला माल आहे, २०१५ मध्ये बेसिस्ट जेरेमी डेव्हिस गेला आणि मालकी हक्कावरून कोर्टकचेरी, ती २०१७ मध्ये मिटली. ह्या सगळ्यात हेलीचं डिप्रेशन, २०१६ मध्ये लग्न आणि २०१७ मध्ये ते मोडल्याची बातमी, मध्ये तर तिने स्वतःच बँड सोडायचं ठरवलं होतं. आणि ह्या एवढ्या राड्यानंतर मे २०१७ मध्ये जो अल्बम आला, 'आफ्टर लाफ्टर', तो कसा होता तर पेस्टल रंगाचं कव्हर, ऐंशीच्या दशकातल्यासारखे सिंथेसायझर, मरिंबासारखे (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) टुणटुण आवाज, आणि पाय आपोआप हलायला लागतील असा ठेका. टॉकिंग हेड्स आणि ब्लाँडी हे जुने बँड ऐकलेल्यांना लगेच ओळखीचं वाटेल असं.

इथेच आमच्या ड्रमर मित्राचं म्हणणं आहे की गेले हे, विकले गेले. अरे पण विकायचंच असतं तर कुणी असं विकतं का? २०१३ चा 'पॅरामोर' नावाचाच अल्बम बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या खपाच्या) यादीत पहिल्या नंबरवर आला होता, 'आफ्टर लाफ्टर' आला सहाव्या नंबरवर. पैशाचाच विचार असता तर त्यांनी 'रायट!' चं भाग दोन काढलं असतं, कारण खरा पैसा तिथेच आहे, लोकांच्या आठवणीत. २०२२ मध्ये लास व्हेगासला 'व्हेन वी वेअर यंग' नावाचा फेस्टिव्हल झाला, नावातच सगळं आलं, सगळे जुने इमो आणि पॉप-पंक बँड एका मैदानात, मुख्य आकर्षण माय केमिकल रोमान्स आणि हेच पॅरामोर. म्हणजे जुनं तेच वाजवत बसले असते तरी ह्यांचं दुकान आरामात चाललं असतं.

आणि बदल काही एका रात्रीत झालेला नाही. २०१३ च्या अल्बममध्येच 'एन्ट इट फन' होतं, फंकी बेस, मागे चर्चमध्ये असतो तसा गॉस्पेल कॉयर, ह्याच गाण्याला २०१५ मध्ये बेस्ट रॉक साँगचं ग्रॅमी मिळालं. हेली तेव्हा नॅशव्हिल सोडून लॉस एंजेलिसला राहायला गेली होती आणि ते गाणं तिने स्वतःलाच सुनावलंय, की आता एकटी आहेस ना, मग रडत आईकडे जायचं नाही. हे गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते इथे नवीन असताना, अपार्टमेंटमध्ये गादीशिवाय काही सामान नव्हतं, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून फोनचं कनेक्शन कुणी देत नव्हतं, आणि घरी रोज सांगायचो की मस्त चाललंय. त्या काळात मला जर कुणी गंभीर आवाजातलं, व्हायोलिनवालं, स्थलांतरितांच्या वेदनेचं गाणं ऐकवलं असतं तर मी ते बंद केलं असतं. हे गाणं लावून मी भांडी घासली.

तर मुद्दा असा आहे. आपल्याकडे मॅच्युअर म्हणजे संथ, मॅच्युअर म्हणजे बसून ऐकायचं, डोळे मिटून, मान हलवत, शक्यतो कुणी खोकू नये. नाचता येतंय म्हणजे उथळ. हे आपण इतकं धरून ठेवलंय की 'आफ्टर लाफ्टर' मधले शब्द ऐकायचे कष्टच कुणी घेत नाही. 'हार्ड टाइम्स' मध्ये ती म्हणतेय की सकाळी उठल्यावर मला फक्त बरं वाटू दे, बाकी काही नको. 'रोझ-कलर्ड बॉय' मध्ये सतत सकारात्मक राहा सांगणाऱ्या मुलाला ती सांगते की मला जरा रडू दे ना. 'फरगिव्हनेस' मध्ये समोरचा माफी मागतोय आणि ती म्हणते मला जमत नाहीये अजून. हे सतरा वर्षाच्या मुलीने लिहिलेलं नाही. सतराव्या वर्षी तिने 'मिझरी बिझनेस' लिहिलं, ज्यात दुसऱ्या मुलीकडून मुलगा पटकावल्याचा आनंद आहे, आणि ते गिटार फाडून वाजवलंय म्हणून ते खरं आणि हे खोटं?

आणि वाजवायला हे सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने वाजवून बघावं, विशेषतः ड्रमरने. जोरात आणि वेगात वाजवताना बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. 'आफ्टर लाफ्टर' मध्ये बँडचा गिटारिस्ट टेलर यॉर्कची गिटार बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहे, डिस्टॉर्शनची (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची) चादर नाही, छोटे छोटे तुटक सूर एकमेकांत अडकवलेले, मध्ये जागा सोडलेली, आणि त्या जागेत झॅक फॅरोचे ड्रम, जे एक तसूभर पुढेमागे झाले तरी सगळं कोसळेल. हा झॅक म्हणजे २०१० मध्ये निघून गेलेला तोच, २०१७ मध्ये परत आला, आणि 'ग्रजेस' हे गाणं त्या रुसव्याफुगव्यावरच आहे, त्यात तो स्वतः मागे गातोय पण. अल्बम रेकॉर्ड झाला नॅशव्हिलच्या 'म्युझिक रो' ह्या स्टुडिओंच्या भागातल्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये, म्हणजे घरचा बँड असून घरात केलेला हा त्यांचा पहिला अल्बम. तो स्टुडिओ २०१४ मध्ये बिल्डर पाडणार होता, गायक-पियानोवादक बेन फोल्ड्सने जाहीर पत्र लिहून आरडाओरडा केला म्हणून वाचला. आज तिथून गाडी नेली तर आजूबाजूला क्रेन आणि काचेच्या बिल्डिंगी दिसतात, प्रभात रोडवरचा जुना बंगला वाचावा तसा तो मध्येच उभा आहे.

नाचात दुःख घालणं हे आपल्याला नवीन असायचं काही कारणच नव्हतं, खरं तर. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात विंचू चावल्याची बोंब ठोकली, लोक हसतायत, करणारा कमरेत वाकून थयथयाट करतोय, आणि विंचू कुठला तर कामक्रोधाचा. वारीत पावली खेळताना, फुगडी घालताना जे अभंग म्हणतात त्यातले कितीतरी सरळसरळ तक्रारीचे आहेत, देवाशी भांडणाचे आहेत. तुकोबांचे शब्द आणि उड्या हे एकत्र चालतं, नव्हे तसंच चालत आलंय, मग त्याच अभंगाखाली सोसायटीतल्या पोरांनी डान्सचा बीट टाकला तर आभाळ कसं कोसळतं? बैठकीची शिस्त वेगळ्या गाण्याची आहे, ती चांगलीच आहे, पण ती सगळ्यांच्या मापाला लावायची म्हणजे जरा जास्तच झालं.

इथे एक घोळ होतो तो पण सांगतो. विसर्जनाला स्पीकरच्या भिंती उभ्या करून खिडक्यांच्या काचा हलवायच्या, त्याला माझा पूर्ण विरोध आहे, आमच्या आईबाबांचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे, त्यांना त्या दिवशी मावशीकडे जाऊन राहावं लागतं. पण तो वाद आवाजाचा आहे, तब्येतीचा आहे. त्यात हळूच 'नाचाचं संगीत मुळात हलकं' हे पण घुसवतात आणि मग पोरांच्या त्या छोट्याशा कार्यक्रमाला पण तोच शिक्का बसतो.

असं नाही की परदेशात लोक लय शहाणे आहेत. नॅशव्हिल तर सोवळ्याचं माहेरघर. इथे ग्रँड ओल ऑप्री ह्या कंट्री संगीताच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या स्टेजवर कित्येक वर्षं ड्रमसेट चालत नव्हता, कारण काय तर कंट्री संगीत असं नसतं. आज ऑप्रीवर ड्रम आहेत आणि भांडण पुढच्या गोष्टीवर गेलंय, आता बार्बेक्यूला ऑफिसमधले पन्नाशीचे लोक ड्रम मशीनवरून चिडतात. त्यांचं ऐकताना मला अगदी पुण्यात असल्यासारखं वाटतं, फक्त हातात चहाऐवजी बिअर.

आणि आपले इथले मराठी लोक तर विचारू नका. आपण ज्या साली विमानात बसलो त्या सालचा महाराष्ट्र आपण बरणीत घालून आणतो. मंडळाच्या गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला असतो, एका बाजूला फोल्डिंग टेबलांवर मसालेभात आणि श्रीखंडाचे ट्रे, आणि स्टेजवर इथे जन्मलेली पोरं लेझीम घेऊन कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक बीटवर नाचत असतात. लेझीम मात्र बरोबर वाजवतात हं, ठेका सुटत नाही. तरी मागच्या रांगेतले काका म्हणतातच की हलगीवर झालं असतं तर. अहो काका, टेनेसीत हलगी वाजवणारा आणायचा कुठून? तिकडे पुण्यात आता त्याच काकांचे पुतणे हलगी आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र करून वाजवतायत. परदेशातला माणूस परंपरेबद्दल जास्त कडक असतो कारण त्याला ती रोज जगायची नसते, वर्षातून चार वेळा दाखवायची असते. बँडच्या जुन्या फॅनचं पण तेच असतं.

बदलण्याची किंमत काय असते तेही मी इथे जवळून बघितलं. सप्टेंबर २०१८ मध्ये नॅशव्हिलच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये त्यांचा शो होता, त्यात हेलीने सांगितलं की 'मिझरी बिझनेस' आज वाजवतोय, त्यानंतर बराच काळ वाजवणार नाही. त्यातल्या एका ओळीत दुसऱ्या मुलीला घाणेरडी शिवी आहे, आणि पोरवयात लिहिलेली ती ओळ मोठेपणी दर रात्री हजारो लोकांकडून म्हणवून घेणं तिला नको होतं. आपलं सगळ्यात मोठं हिट गाणं गुंडाळून ठेवायला छाती लागते. माझ्या शेजारी एक बाई होती, पस्तिशीची असेल, डोळ्याखाली चमकी लावलेली, 'आफ्टर लाफ्टर' मधलं 'फेक हॅपी' चालू असताना ती रडत होती आणि उड्या पण मारत होती, दोन्ही एकाच वेळी, आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. पुढे २०२२ मध्ये ते गाणं त्यांनी परत घेतलं. मला विचाराल तर नसतं घेतलं तरी चाललं असतं, पण लोक सुटलेच होते मागे, आणि शेवटी गाणं त्यांचं आहे.

सगळंच मला आवडतं असंही नाही. 'आफ्टर लाफ्टर' चं पॉलिश काही ठिकाणी जरा जास्तच गुळगुळीत झालंय, आणि 'नो फ्रेंड', ज्यात हेली गातच नाही, मीविदाउटयू ह्या दुसऱ्या बँडचा गायक आरन वाइस मागे कुठेतरी बडबडल्यासारखा म्हणतो, ते मी आजही पुढे ढकलतो. पण ही तक्रार गाण्याबद्दल आहे. नाच आहे म्हणून नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर दोन दिवस शांतता होती. मग मी २०२३ च्या 'धिस इज व्हाय' चं टायटल गाणं टाकलं, कोविडनंतरचं, घराबाहेरच पडू नये असं वाटण्यावरचं, पुन्हा एकदम ठेक्यात. ड्रमर मित्राचं उत्तर आलं की हायहॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) भारी आहे पण हे रॉक नाही. मी लिहिलं की ह्या अल्बमला २०२४ मध्ये बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी आहे. तर म्हणे ग्रॅमीवाल्यांना काय कळतं.

आता ह्यावर काय बोलणार, हे तर मलाही मान्य आहे.